तळघरांतील गायनशाळा

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत नाकाडोंगरी म्हणून गांव आहे. आसपासची जमीन भाताची, आणि त्या टापूच्या पोटांत मँगॅनीज. डोंगरी बुजुर्ग येथील खाण उघडी आहे व तेथील खनिजाचा कांहीं भाग कोरड्या विद्युत्घटांच्या कामीं येतो. चिखल्याला तर काम जमिनीच्या पोटांत चालतें. खाणीचें काम पाळ्यांचें. रात्रपाळी संपवून सकाळीं घरीं आलेला मनुष्य दिवसां झोंपूं पाहतो, आणि नेमक्या त्याच वेळीं शेजारचा मुलगा तबल्यावर कायदा घोटूं लागतो. दोघांचीही बाजू न्यायाची आहे. एकाची झोंप मोडली तर खाणींत त्याची पापणी लवते, आणि तेथें पापणी लवणें म्हणजे काय हें सांगावयास नको. दुसऱ्याचा रियाज मोडला तर हात बसत नाहीं. अशा गांवीं नवें पक्कें घर बांधणाऱ्या संगीतप्रेमी गृहस्थाच्या मनांत तळघराचा विचार आला तर नवल नाहीं. जमिनीखालीं एक खोली काढावी, तींत गावें, वाजवावें, ध्वनिमुद्रण करावें, आणि वरती कोणास त्याची वार्ताही लागूं नये.

विचार चांगला आहे. परंतु तो अमलांत आणतांना बहुतेक लोक उलट्या टोंकाकडून आरंभ करितात. भिंतींना गालिचे टांगतात, नमदा चिकटवितात, कोणी अंड्यांचे पुठ्ठ्याचे साचे आणून खिळ्यांनीं ठोकतात. पैसे खर्च होतात, खोलींतील घुमारा कमी होतो, आणि शेजाऱ्याला तबला पूर्वीइतकाच ऐकूं येतो. कारण खोलींतला घुमारा शोषणें हें एक काम आणि आवाजाला खोलीबाहेर जाऊं न देणें हें अगदीं दुसरें काम. पहिल्याला मऊ, सच्छिद्र पदार्थ लागतो. दुसऱ्याला जड आणि निश्छिद्र. उशीनें घुमारा मरेल, पण उशीची भिंत चोराला अडवीत नाहीं तशी आवाजालाही अडवीत नाहीं.

पहिल्या कामाचें शास्त्र वॉलेस सॅबाइन या अमेरिकन प्राध्यापकानें घालून दिलें. १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयांतील व्याख्यानगृह त्याच्या स्वाधीन करण्यांत आलें. तेथें उच्चारलेला शब्द साडेपांच सेकंद घुमत राही, व तेवढ्यांत वक्त्याचे पुढचे कित्येक शब्द त्यावर येऊन पडत. सॅबाइननें शेजारच्या नाट्यगृहांतील गाद्या रात्रीं वाहून आणून, किती गाद्यांनीं घुमारा किती घटतो हें मोजलें. शोषणाचें माप म्हणून त्यानें उघडी खिडकी धरली, कारण तिच्यावर पडलेला आवाज परत येतच नाहीं. हें माप मोठें बोलकें आहे. उत्तम शोषक म्हणजे उघडी खिडकी. आणि शेजाऱ्याच्या दृष्टीनें उघड्या खिडकीहून वाईट काय असणार?

दुसऱ्या कामाचा हिशेब डेसिबेलांत मांडतात. दहा डेसिबेल उतरले म्हणजे ध्वनीची शक्ति एक दशांश झाली, वीस उतरले म्हणजे एक शतांश. खोलींत ९० डेसिबेलांचें वादन चालू आहे असें धरूं. दोन्ही बाजूंनीं गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत सुमारें ५० डेसिबेल अडविते. बाहेर ४० उरले. निवासी भागासाठीं २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं दिवसां ५५ व रात्रीं ४५ ही मर्यादा घातली आहे, तिच्या आंत हें बसलें. भिंतीचें वजन दुप्पट केलें तर आणखी पांच-सहा डेसिबेलच मिळतात, म्हणून नुसती जाडी वाढवीत बसण्यांत अर्थ नाहीं.

खरा घात दार करितें. तीन फूट रुंद व सात फूट उंच दाराभोंवतीं चोहोंकडून पाव इंचाची फट राहिली, तर तिची बेरीज साठ चौरस इंच होते, म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाचा पन्नासावा भाग. एवढ्या वाटेनें इतका आवाज निसटतो कीं, दार पोलादाचें केलें तरी तें सतरा डेसिबेलांहून अधिक कांहीं अडवूं शकत नाहीं. सागाची भरीव फळी, चौकटीला रबराची पट्टी, खालीं घट्ट बसणारा उंबरा, आणि शक्य तर मध्यें लहान बोळ सोडून एकामागें एक दोन दारें, हा त्यावर उपाय. नभोवाणीच्या कलागृहांत अशी दुहेरी दारें असतात तीं याचसाठीं. विजेच्या तारांसाठीं पाडलेलीं भोकेंही याच न्यायानें बुजवावीं.

तळघराला तीन-चार बाजूंनीं माती असते, हा त्याचा मोठा गुण; इतकी जाड भिंत वर कोणी बांधूं शकणार नाहीं. उरतें तें छत. त्यावरच घर उभें आहे. शिवाय तबल्याचा किंवा पायाचा ठोका हवेंतून जातो तसा फरशींतून, खांबांतून, तुळयांतूनही चढतो, आणि त्याला दार-खिडकीची गरज नसते. म्हणून खोलींत खोली करावी लागते: रबराच्या गाद्यांवर तरंगती जमीन, मूळ भिंतीपासून चार-सहा इंच सुटी आंतली भिंत, आणि तिच्यावरच टेकलेलें, स्लॅबला न शिवणारें आंतलें छत. एखादा खिळा दोहोंना जोडून गेला कीं तेवढ्यानें सेतु झाला.

लंडनच्या ब्रॉडकास्टिंग हाउसमध्यें हाच अनुभव आला. १९३२ सालीं झालेल्या त्या इमारतींत कलागृहें मधल्या जाड विटांच्या मनोऱ्यांत ठेवून भोंवतीं कचेऱ्यांचें कवच घातलें होतें. रस्त्याचा गोंगाट थांबला. पण खालच्या संगीतसभागृहांत भुयारी आगगाडीची घरघर जमिनींतून येत राहिली. खाणीच्या टापूंत तळघर खणणाऱ्यानें सुरुंगाचा हादरा असाच पायांतून वर येईल हें लक्षांत ठेवावें आणि ध्वनिमुद्रणाची वेळ त्याप्रमाणें नेमावी. त्याआधीं १८५३ सालीं कार्लाइलनें शेजाऱ्यांचे कोंबडे व पियानो यांना कंटाळून घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची निःशब्द खोली बांधविली होती. ती फसली. ग्रंथकाराचें वैतागणें मात्र प्रसिद्ध झालें.

आतां शोषणाकडे वळावयास हरकत नाहीं, पण बेतानें. सेकंदास शंभर आंदोलनांच्या ध्वनीची लाट जवळजवळ ३.४ मीटर लांब असते. तिला इंचभर नमदा काय करणार? तो फक्त वरचे बारीक नाद गिळतो. डग्ग्याचा घुमार तसाच राहतो आणि चाटीचा टणत्कार मरतो. तबल्याच्या शाईमुळें त्याच्या उपनादांना सुरेलपणा येतो, हें रामन यांनीं १९२० सालीं 'नेचर' पत्रांत दाखवून दिलें. तेच उपनाद भिंतींनीं खाल्ले तर वादकाला आपला तबला परका वाटूं लागतो. म्हणून सर्व भिंती मढवूं नयेत. कोपऱ्यांत हातभर जाडीचे खनिज लोकरीचे किंवा कापसाचे गठ्ठे तरटांत शिवून उभे करावे, कांहीं भिंत उघडी ठेवावी. भंडाऱ्याकडे तणस फुकट मिळते म्हणून ती भिंतींत कोंबण्याचा मोह होईल. परंतु वाळवी, उंदीर आणि आग या तिघांनाही ती तितकीच प्रिय आहे.

याहून मोठा शत्रु पाणी. हा जिल्हा तलावांचा. पावसाळ्यांत बांधीला बांधी तुडुंब भरलेली असतांना जमिनीखालचें पाणी वर येतें. तळघराला बाहेरून जलरोधक लेप, तळाशीं पाण्याचा खड्डा व पंप नसेल, तर श्रावणांत तबल्याची पुडी सैल पडेल, हार्मोनियमच्या पट्ट्या फुगतील आणि तंबोऱ्याचे जोड सुटतील. खणण्यापूर्वीं ऐन आषाढांत शेजारच्या विहिरीची पातळी पाहिली कीं, तळघर काढावें कीं जमिनीवरच दुहेरी भिंतींची खोली बांधावी हा निर्णय आपोआप होतो. पुष्कळ ठिकाणीं दुसरा मार्गच शहाणपणाचा ठरेल.

आणि हवा. फट न ठेवलेल्या खोलींत चार माणसें तासभर गाऊं लागलीं तर डोकें जड होतें. शेगडी, निखारा किंवा तेलाचें विद्युज्जनित्र तेथें पेटविणें हा तर प्राणाशींच खेळ आहे. हवा येण्यास व जाण्यास दोन निरनिराळ्या नळ्या असाव्या, त्या रुंद, आंतून खनिज लोकरीनें मढविलेल्या आणि दोन-तीन ठिकाणीं वळविलेल्या. वळणावर हवा जाते, आवाज बराच अडकतो. पंखा खोलीपासून दूर ठेवावा. बंद खोलींत आपलाच आवाज आपल्यावर परततो हेंही विसरूं नये. ८५ डेसिबेलांत आठ तासांहून अधिक बसूं नये असें म्हणतात, आणि दर तीन डेसिबेलांना ही मुदत निम्मी होते. ९१ ला दोनच तास.

गिलावा व शेवटची डागडुजी करण्यापूर्वीं एक परीक्षा अवश्य घ्यावी. आंत ध्वनिक्षेपक मोठ्यानें लावून, रात्रीं गांव निजल्यावर, गवंड्यासह शेजाऱ्याच्या माजघरांत जाऊन उभें राहावें. कोणत्या कोपऱ्यांतून ठेका येतो तें तेथेंच खुणेनें टिपून घ्यावें, आणि आवाज पुरेसा उतरला कीं नाहीं हें रात्रपाळी करणाऱ्या त्या शेजाऱ्यालाच विचारावें.