कोकण किनाऱ्यावर जेवावे कुठे?



सहलीसाठी कोकणाचे नाव निघाले, की निम्म्या जणी विचारतात, "तिथे आम्ही खायचे काय?" ज्वारी-शेंगदाण्याच्या मुलखातून तांदूळ-नारळाच्या मुलखात जाताना ही धास्ती साहजिक आहे. पण माळकरी बाईनेही घाबरू नये.

माझे मत स्पष्ट आहे. हमरस्त्यावरच्या चकचकीत हॉटेलात पैसा घालवू नका, घरगुती खानावळ गाठा. मालवण, तारकर्लीकडे अशा पुष्कळ आहेत, आणि कितीतरी ठिकाणी चुलीपाशी घरची बाईच असते. पंचवीस जणी अवचित दारात उभ्या राहिल्या, तर तिने काय करावे? म्हणून आदल्या दिवशी पाने कळवा, दर ठरवा. शाकाहारी किती तेही सांगा. तळणाचे तेल निराळे हवे असेल तर आधीच बोला, पानावर बसून कुरकुर नको.

काळ्या वाटाण्याची उसळ, घावन, आणि मार्च-एप्रिलात ओल्या काजूची उसळ. ही मात्र चुकवू नका. गणपतीपुळ्याला उकडीचे मोदक. सोलकढी आमसूल आणि नारळाच्या दुधाची असते, ताक नासले म्हणून वाटी सारू नका!

मासे खाणाऱ्यांनी हर्णै बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव पाहावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट नको. त्या दिवसांत सुका जवळा असतो. होय, जवळाच! तिकडे ते बारीक कोळंबीचे नाव आहे; 'आम्ही जवळा बाजारच्या' म्हटले, की खानावळवाली हसणारच.

नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत, पुढे शाकाहारी की मांसाहारी ते लिहून.