तबकडी कपाटातली आणि बैठकीतली



ध्वनिमुद्रिका जमवणारा रसिक दोन जातींचा असतो. एक, नवी तबकडी हाती लागली की चार स्नेह्यांना बोलावणे धाडणारा. दुसरा, ती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवणारा आणि कपाटाची किल्ली जानव्याला बांधणारा. दुसऱ्याला आपण कंजूष म्हणून मोकळे होतो. त्या बिचाऱ्याची बाजू कोणी ऐकूनच घेत नाही, म्हणून ती आधी मांडतो.

जुनी तबकडी लाखेची. आपल्याच रानातल्या किड्यांनी झाडांवर केलेली लाख, तीत दगडाची पूड. मिनिटाला ७८ फेरे आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. हातून निसटली की तुकडे. शिवाय पोलादी सुई दर खेपेस चरीतून थोडेसे गाणे खरवडून नेते. तेव्हा तबकडी ऐकवणे हे पुस्तक वाचायला देण्यासारखे नव्हे, अत्तराची कुपी फिरवण्यासारखे आहे. दर हाताला थेंब कमी होतो. १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची लांब तबकडी निघाली. ती सहजी फुटत नाही, एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वाजते. पण ओरखडा तिलाही चुकलेला नाही. मग किल्लीवाल्याचे चुकले कुठे?

त्याचे उत्तर मला गदगच्या एका दुकानात सापडते. त्या दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी वाजत होती. ऐकणारा मुलगा गिऱ्हाईकही नव्हता. तबकडी त्याची नव्हती, यंत्र त्याचे नव्हते. पण असे गाता आले पाहिजे या ध्यासाने १९३३ साली, अकरा वर्षांचा असताना, तो गुरूच्या शोधात घरातून निघून गेला. पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व त्याला गुरू म्हणून लाभले. मुलाचे नाव भीमसेन जोशी. ती तबकडी त्या दिवशी कपाटात असती तर तिची चर नवी राहिली असती, एवढेच.

दुसरे उदाहरण आपल्या केसरबाई केरकरांचे. १९७७ साली अमेरिकेची ‘व्हॉयेजर’ याने ताऱ्यांकडे निघाली, तेव्हा पृथ्वीवरच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी त्यांच्यावर बसवली. तीत केसरबाईंची भैरवी आहे. ती भैरवी न्यूयॉर्कात शोधताना निवडकर्त्यांची पुरेवाट झाली. शेवटी एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, तिच्या तीन प्रती सापडल्या! केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरात वारल्या. खोक्यातली वस्तू आकाशात गेली, कारण ती सुचवणारा कोणीतरी जाणता होता.

खरी गोम या जाणतेपणात आहे. जुन्या मुद्रिकांच्या लेबलावर साथीदारांची नावे बहुधा नसतात. आरंभीचे कलावंत गाणे संपताच आपले नाव पुकारीत. गोहरजानचे १९०२ सालचे पुकारणे प्रसिद्धच आहे. मुद्रिका तेव्हा परदेशात छापल्या जात, आणि तिथल्या कारागिरांना गायिका कोण हे कळावे, हा त्यातला हेतू. पण सारंगीवाल्याचे नाव कोण पुकारणार? दहाजण बसून ऐकतात तेव्हा कोपऱ्यातले एखादे आजोबा म्हणतात, “हा हात अमक्याचा.” हे ज्ञान कोणत्याही कपाटात नसते, आणि त्या आजोबांबरोबर ते जाते. ध्वनीची नक्कल आता यंत्रावर मिनिटांत होते. या माहितीची होत नाही. मुंबईत १९९० साली भारतीय ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था निघाली, ती अशाच एकत्र ऐकण्यातून वाढली. गावोगाव अशा बैठका व्हायला हव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता थोडे व्यवहाराचे. वडिलांच्या मागे माळ्यावरच्या पेट्या रद्दीवाल्याला देण्याची घाई करू नका. आधी एखाद्या जाणत्याला बोलवा. लाखेची तबकडी स्पिरिटने कदापि पुसू नका, लाख त्यात विरघळते. तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या रचल्या तर खालच्या दबून तडकतात. पोलादी सुई दर बाजूला नवी घ्या. बैठकीत यंत्राला हात एकानेच लावावा, बाकीच्यांनी कान लावावेत. आणि आजोबा बोलू लागले की पुढची तबकडी थांबवून, ते काय म्हणतात ते पाकिटातल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून घ्यावे, तारखेसकट.