पटावरील साहस

बुद्धिबळें शिकणाऱ्या मुलास पहिला धडा मिळतो तो मोहरीं सांभाळण्याचा. प्यादें एका गुणाचें, घोडा व उंट तीन तीन गुणांचे, हत्ती पांचांचा आणि वजीर नवांचा, हा हिशेब त्याच्याकडून पाठ करवून घेतात. आणि एखादें मोहरें फुकट गेलें कीं, शेजारीं बसलेलें वडील माणूस हळहळतें. पुढें तोच मुलगा जाणता होऊन मोठमोठ्या खेळाडूंचे डाव पाहूं लागला म्हणजे त्याच्या ध्यानांत येतें कीं, ज्या डावांची कीर्ति पिढ्यान् पिढ्या टिकली, त्यांपैकीं कित्येकांत कोणीतरी हा हिशेब जाणूनबुजून मोडलेला आहे.

१८५१ सालीं लंडन शहरीं, ब्रेस्लौ येथील गणिताचा शिक्षक आडोल्फ आंडर्सन यानें कीझेरित्स्की याच्याशीं खेळतांना एक उंट, दोन्ही हत्ती आणि अखेर वजीरही देऊन तेविसाव्या खेळीस मात केली. त्या डावास रसिकांनीं ‘अमर डाव’ असें नांव दिलें. तथापि तो डाव स्पर्धेबाहेरचा, करमणुकीचा होता. हरल्यास गमवावयाचें फारसें कांहीं नव्हतें, आणि पटाशेजारीं घड्याळही नव्हतें. यांत्रिक घड्याळ स्पर्धेंत प्रथम आलें तें १८८३ सालीं, त्याच लंडन शहरीं. तेव्हांपासून खेळाडूला दोन प्रतिपक्षी झाले. एक समोर बसलेला आणि दुसरा टिकटिक करणारा. बलिदानाचा खरा विचार या दोघांना एकत्र धरूनच केला पाहिजे.

ऑस्ट्रियाचा नामांकित खेळाडू रुडोल्फ श्पीलमान यानें १९३५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत बलिदानाचे दोन प्रकार मानिले आहेत. एक लटकें आणि दुसरें खरें. लटक्या बलिदानांत वजीर दिला तरी चार खेळ्यांनंतरची मात डोळ्यांपुढें स्पष्ट असते. तो केवळ उसनवारीचा व्यवहार. दिलेलें व्याजासह परत येणार हें ठाऊकच असतें. खऱ्या बलिदानांत असें फळ दिसत नाहीं. प्रतिपक्षाचा राजा थोडा उघडा पडला, आपल्या मोहऱ्यांस वाटा मोकळ्या झाल्या, पुढाकार आपल्या हातीं आला, एवढेंच काय तें पदरीं पडतें. मोहरें मात्र त्याच क्षणीं गेलेलें असतें. धोका खरा तो येथें आहे.

या खऱ्या बलिदानाची परीक्षा दोन ठिकाणीं होते. पहिली पटासमोर, घड्याळाच्या धाकांत. दुसरी मागाहून, घरीं, निवांतपणें. दोन्ही ठिकाणचे निकाल जुळतातच असें नाहीं. पुढील दोन डावांवरून ही गोष्ट स्पष्ट होईल.

पहिला डाव न्यूयॉर्क येथील. १९१८ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेचा विजेता फ्रँक मार्शल आणि क्यूबाचा होजे राउल कापाब्लांका यांची गांठ पडली. काळीं मोहरीं मार्शलकडे होतीं. आठव्या खेळीस त्यानें असा बेत केला कीं, त्याचें मध्यभागींचें एक प्यादें कापाब्लांकास घेतां यावें. कापाब्लांका क्षणभर थांबला. हा हल्ला प्रतिपक्षानें घरीं बारकाईनें अभ्यासिलेला असणार आणि आपणांस त्याचें उत्तर येथें बसल्या बैठकींत शोधावें लागणार, हें त्यानें ओळखलें होतें. तरीही आपल्या कसबास मिळालेलें आव्हान नाकारणें त्यास रुचलें नाहीं व त्यानें प्यादें घेतलें, असें त्यानेंच पुढें आपल्या पुस्तकांत नमूद केलें आहे.

लवकरच काळा वजीर, उंट आणि घोडा त्याच्या राजाभोंवतीं गोळा झाले. मार्शलनें घोडा राजाच्या अगदीं लगतच्या घरांत घातला. तो मारतां येण्याजोगा होता. पण कापाब्लांकानें हात आंवरला आणि आपला हत्ती शांतपणें एक घर पुढें सरकविला. मग मार्शलनें उंटही पुढें केला. तो मात्र त्यानें घेतला. राजा हळूहळू पटाच्या मध्याकडे निघाला, आणि योग्य क्षणीं कापाब्लांकानें आपला हत्ती देऊन तो भयंकर घोडा नाहींसा केला. हल्ल्याचा जोर ओसरला आणि छत्तीस खेळ्यांत डाव त्यानें जिंकला.

दुसरा डाव त्यानंतर बेचाळीस वर्षांनीं मॉस्को येथें झाला. १९६० सालीं तेथील पुश्किन नाट्यगृहांत जगज्जेतेपदाचा सामना चालू होता. जगज्जेता मिखाइल बोत्विनिक ४८ वर्षांचा, पेशानें विद्युत् अभियंता, अत्यंत शिस्तीचा मनुष्य. धुरानें आपलें लक्ष विचलित होऊं नये, म्हणून सरावाच्या डावांत सोबत्याला मुद्दाम धूम्रपान करावयास लावण्यापर्यंत त्याची तयारी असे. त्याच्यासमोर होता रीगा शहरचा २३ वर्षांचा मिखाइल ताल. सहाव्या डावांत एकविसाव्या खेळीस तालनें आपला घोडा अशा घरांत नेऊन ठेवला कीं, साध्या प्याद्यानें तो मारावा. मात कोठेंच दिसत नव्हती. घोडा घेतला असतां काळ्या उंटाची लांब तिरपी वाट मोकळी होणार होती, एवढाच काय तो लाभ.

प्रेक्षकांत एकच गलबला उडाला. तो आंवरेना, तेव्हां डाव रंगमंचावरून हलवून मागच्या खोलींत न्यावा लागला. बोत्विनिकनें घोडा घेतला. थोड्याच खेळ्यांनंतर तालनें आपला वजीर संकटांत असतांनाच एक प्यादें पुढें ढकललें. त्या वेळीं बोत्विनिकला दोन वाटा होत्या. उंटानें तें प्यादें मारावें, किंवा हत्तीनें वजीर घ्यावा व आपलाही वजीर गमवावा. त्यानें दुसरी वाट धरली, पट तालच्या बाजूस झुकला आणि डाव बोत्विनिकनें हरला. मागाहून पृथक्करण करणाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं, उंटानें प्यादें मारून पुढें तोच उंट पटाच्या मध्यावर नेला असता तर पांढऱ्याची बाजू वरचढ राहिली असती.

म्हणजे निकाल कसा लागला पाहा. तालचें बलिदान जिंकलें, पण तपासणीस उतरलें नाहीं. मार्शलचें हरलें, तरी पुढें त्याच बेतांत अकराव्या खेळीस घोडा मागें नेण्याऐवजीं एक प्यादें एक घर सारण्याची सुधारणा झाली, आणि ‘मार्शलचा हल्ला’ या नांवानें तो आज इतका मान्य आहे कीं, पांढऱ्या बाजूचे कित्येक श्रेष्ठ खेळाडू तो टाळण्यासाठीं आधींच निराळी वाट धरतात.

यावरून नशिबाचा खेळ असा निष्कर्ष काढणें मात्र योग्य होणार नाहीं. खरें बलिदान हें प्रतिपक्षास घातलेलें कोडें असतें, आणि त्याचें उत्तर ठराविक मुदतींत द्यावयाचें असतें. १९६० च्या त्या सामन्यांत पहिल्या चाळीस खेळ्यांस प्रत्येकीं अडीच तास मिळत. म्हणजे एका खेळीस सरासरी चार मिनिटांहूनही कमी. ज्या उत्तरासाठीं जाणत्यांस पुढें निवांत वेळ मिळाला, तें बोत्विनिकला तेवढ्यांत हुडकावयाचें होतें. त्याच सामन्याच्या सतराव्या डावांत चाळिसाव्या खेळीच्या तोंडावर, वेळ संपत आली असतां, त्याच्या हातून अशी चूक झाली कीं डाव तेथेंच आटोपला. सामना तालनें साडेबारा विरुद्ध साडेआठ गुणांनीं जिंकला.

परंतु बोत्विनिकची थोरवी त्यानंतर दिसली. १९६१ सालच्या परतीच्या सामन्यासाठीं त्यानें तालचे डाव कसून अभ्यासिले आणि ज्या गुंतागुंतींत तो तरुण रमतो, त्या शक्य तेवढ्या उद्भवूंच न देण्याचें धोरण ठेविलें. मोहऱ्यांची मारामारी करून पट मोकळा करावा आणि शांत शेवट गांठावा, हा त्याचा बेत. ताल त्या काळांत मूत्रपिंडाच्या विकारानें पीडित होता, हेंही येथें सांगितलें पाहिजे. सामना बोत्विनिकनें तेरा विरुद्ध आठ गुणांनीं जिंकला.

दडपणाखालीं खेळावें कसें, याचें उत्तर कापाब्लांका व बोत्विनिक या दोघांच्या वागण्यांत आहे. पुढें आलेलें मोहरें घेतलेंच पाहिजे असें नाहीं. घेतलें तरी तें अखेरपर्यंत राखलेंच पाहिजे असेंही नाहीं. योग्य वेळीं परत केल्यानें पुष्कळदां हल्ला विझतो. आणि जें संकट पटावर निस्तरणें कठीण, तें पटावर येऊंच न देणें हाही शूरपणाच होय.

आज संगणक घरोघरीं आला आहे, आणि जी खेळी बोत्विनिकला सांपडली नाहीं ती तो एका क्षणांत दाखवितो. त्यामुळें घरीं बसून तालला चूक ठरविणें फार सोपें झालें आहे. पण संगणक स्पर्धेच्या दालनांत नेतां येत नाहीं. तेथें अद्यापि माणूस, पट आणि घड्याळ एवढींच असतात. म्हणून घरांतील एखाद्या मुलानें किंवा मुलीनें स्पर्धेंत घोडा दिला आणि डाव गमावला, तर वडीलधाऱ्यांनीं गुणांचा हिशेब मांडून रागावूं नये. घोडा देतांना पटावर काय दिसलें होतें, हें आधीं विचारावें. सांगण्याजोगें कांहीं असेल तर तो पट पुन्हां मांडावा, आणि ती खेळी दोघांनीं मिळून, घड्याळ न लावतां, तपासून पाहावी.