कोरड्या मातीने घडवलेला जिवाणू



1956 साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात आर्थर अँडरसन हे शास्त्रज्ञ डबाबंद मांसावर गॅमा किरणांचे प्रयोग करत होते. एकही जिवाणू उरू नये, इतका मारा करूनही मांस नासलं. त्यात एक लालसर जिवाणू जिवंत सापडला. आज त्याला डायनोकॉकस रेडिओड्युरान्स म्हणतात.

किरणोत्साराची मात्रा ग्रे या एककात मोजतात. साऱ्या अंगाला एकदम पाच ग्रे मात्रा बसली आणि उपचार मिळाले नाहीत, तर माणूस वाचणं कठीण. हा जिवाणू पाच हजार ग्रे सोसतो आणि पुन्हा वाढू लागतो.

ऐकताना वाटतं, त्याच्या डीएनएला काही कवच असणार. तसं काही नाही. त्याचा डीएनए इतरांसारखाच तुटतो. सात हजार ग्रेच्या आसपास त्याच्या गुणसूत्राच्या चिंधड्या होतात, शंभराहून जास्त ठिकाणी दोन्ही धागे तुटतात. आणि काही तासांत गुणसूत्र पुन्हा अखंड झालेलं असतं! ही किमया विकरांची, म्हणजे एन्झाइमांची.

समजा, देवळातल्या पारायणाच्या चार-पाच पोथ्यांना वाळवी लागली. प्रत्येक पोथी वेगळ्या ओळीवर खाल्ली गेली, तर एकीत गेलेली ओळ दुसरीत सापडते आणि सगळी पोथी पुन्हा लिहून काढता येते. या जिवाणूच्या एका पेशीत जनुकसंचाच्या चार ते दहा प्रती असतात, आणि प्रत्येक प्रत वेगळ्या जागी तुटते. विकरं आधी तुकड्यांची टोकं कुरतडून एकेरी धागा मोकळा करतात. रेक-ए हे प्रथिन तो धागा घेऊन दुसऱ्या प्रतीतला जुळणारा मजकूर शोधतं. पॉलिमरेज हे विकर तो मजकूर पाहून पुढचा धागा विणतं, लांबलेले धागे एकमेकांना जुळतात आणि शेवटी लायगेज हे विकर सांधे पक्के करतं. 2006 मध्ये मिरोस्लाव रादमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा क्रम उलगडून दाखवला.

पण ही कामं करणारी विकरंसुद्धा प्रथिनंच. किरणांनी तीच निकामी झाली, तर दुरुस्ती करणार कोण? मला या गोष्टीतला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. या पेशीत मँगनीज भरपूर आणि लोह त्या मानाने कमी असतं. किरणांमुळे निर्माण होणाऱ्या जहाल ऑक्सिजन-संयुगांपासून मँगनीजची संयुगं प्रथिनांना वाचवतात, असं मायकेल डेली यांच्या संशोधनातून पुढे आलं. म्हणजे डीएनए तुटू द्यायचा, पण दुरुस्ती करणाऱ्याला जपायचं!

हे संशोधन परदेशातच होतं असं समजू नका. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हरी मिश्रा आणि योगेंद्र राजपुरोहित यांनी 2010 मध्ये या जिवाणूतल्या एका कायनेज विकराचं काम मांडलं. ते काढून टाकलं की किरणोत्सार सोसण्याची आणि तुटलेला डीएनए सांधण्याची ताकद घटते. त्याआधी 2006 मध्ये श्री कुमार आपटे यांच्या गटाने याच जिवाणूत साल्मोनेलाचं एक जनुक बसवलं. त्यातून बनणाऱ्या विकराने द्रावणातलं युरेनियम साक्याच्या रूपात खाली बसवलं. अणुकचऱ्याच्या सौम्य द्रावणातून युरेनियम वेगळं करण्याच्या दिशेने हे महत्त्वाचं पाऊल होतं.

आता मूळ प्रश्न. पृथ्वीवर हजारो ग्रे मात्रा कुठेही नैसर्गिकरीत्या नाही. मग ही ताकद आली कुठून? लुइझियानामध्ये मॅटिमोर आणि बॅटिस्टा यांनी 1996 मध्ये या जिवाणूचे किरणोत्साराला बळी पडणारे वाण वाळवून पाहिले. ते कोरडेपणालाही बळी पडले. पाणी आटलं की डीएनए तसाच तुटतो. तेव्हा पटण्याजोगा निष्कर्ष हा, की जिवाणू दुष्काळाशी झुंजायला शिकला आणि किरणांशी झुंजणं त्याच्या पदरी आपोआप पडलं.

कोरडेपणा म्हणजे काय, हे शहापूर-मुरबाडच्या लोकांना पटवून द्यायला नको. भातसा-तानसा धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल-मे उजाडला की आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळ्यात गुडघाभर चिखलात लावणी केलेलं भातखाचर उन्हाळ्यात भेगाळतं. त्या मातीत जे काही टिकून राहतं, त्याच्याकडे टिकण्याची काही ना काही युक्ती असलीच पाहिजे.

म्हणून इथल्या महाविद्यालयांतल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. मे महिन्यात मुलांना खाचरांत न्या, वाळलेली माती गोळा करा, प्रयोगशाळेत आगर माध्यमावर वाढवा आणि कोण उगवतं याची नोंद ठेवा. पहिल्या पावसानंतर त्याच जागेची माती पुन्हा तपासा. त्या नोंदी दरवर्षी जपून ठेवा आणि पुढच्या तुकडीच्या हाती द्या.