देवमाशाचा घोटा

स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७३५ साली सजीवांची मांडणी केली, तेव्हा देवमाशाला माशांच्या रांगेत बसवले. १७५८च्या दहाव्या आवृत्तीत मात्र त्याने तो सस्तन प्राण्यांत हलवला. कारणे स्पष्ट होती: फुप्फुसाने श्वास, उष्ण रक्त, पिल्लांना दूध. पण सस्तनांमध्ये त्याचे सगेसोयरे कोण?

दात पाहून बरीच वर्षे त्याचे गोत्र मेसोनिकिड नावाच्या नामशेष मांसाहारी प्राण्यांशी जुळवले जात होते. १९९०च्या दशकात जपानी संशोधकांनी डीएनए तपासला. डीएनएचे काही छोटे तुकडे स्वतःची नक्कल करून भलतीकडेच घुसतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. देवमासा आणि पाणघोडा यांच्यात असे तुकडे नेमके त्याच जागी सापडले. हा योगायोग वारंवार घडणे जवळपास अशक्य. तुकडे समाईक पूर्वजातच शिरले असणार. हाडांचे अभ्यासक तरी चटकन मानेनात, आणि त्यांचेही चूक नव्हते. हातात जीवाश्म नव्हता!

२००१ साली दोन संघांनी तो जगासमोर ठेवला. पाकिस्तानात सापडलेले हे देवमासे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे, चक्क चार पायांचे. त्यांच्या घोट्यातल्या हाडाला वर आणि खाली, दोन्हीकडे कप्पीसारखी खोबण होती. अशी दुहेरी कप्पी ही गाय, डुक्कर, उंट, पाणघोडा या समखुरी प्राण्यांची खास खूण. मेसोनिकिड मागे पडले.



पाणघोड्यापासून देवमासा झाला, असे मात्र नव्हे. ही दोन चुलत घराणी आहेत, आणि आजचे वर्गीकरण दोघांनाही गाईगुरांसह एकाच गणात ठेवते.