धुराबरोबर जाणारी उष्णता

खोपोलीहून खंडाळ्याकडे मालानें भरलेली मालमोटार निघाली, कीं बोरघाटांत तिची चाल बैलगाडीशीं बरोबरी करूं लागते. इंजिन मात्र त्या वेळीं आपली सारी शक्ति खर्चीत असतें. डिझेल जळून निघणाऱ्या उष्णतेच्या १०० भागांपैकीं सुमारें ४० भाग कामीं येतात. जवळजवळ ३० धुराबरोबर निघून जातात. उरलेले मुख्यतः इंजिन थंड ठेवणारें पाणी नेतें. चढावर हा धूर ४०० अंश सेंटिग्रेडच्याहि वर तापलेला असूं शकतो.

या धुराच्या मार्गांत पाण्याची नागमोडी नळी बसविली, तर दाबाखालची वाफ मिळेल. ती लहानशा सिलिंडरांत सोडली, कीं दट्ट्या सरकेल आणि मूळ इंजिनास हातभार लावील. आगगाडीचें जुनें इंजिन मोटारीच्या पोटांत बसविण्याचाच हा प्रकार म्हणावयाचा! दट्ट्याच कां, टर्बाइन कां नको, असें कोणी विचारील. लहान टर्बाइनला दर मिनिटास कित्येक हजार फेरे घ्यावे लागतात आणि ओल्या वाफेनें त्याचीं पातीं झिजतात. दट्ट्या सावकाश चालतो, थोडी ओल सोसतो. त्याला वंगण लागतें व तें वाफेंत मिसळतें, ही त्याची खोड.

कल्पना नवी नव्हे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत लीड्स येथील किटसन कारखान्यानें स्टिल नांवाच्या इंग्रज संशोधकाच्या योजनेप्रमाणें एक रेल्वे-इंजिन बांधलें. त्यांत दट्ट्याच्या एका अंगास तेल जळे, आणि त्याच्याच वाया जाणाऱ्या उष्णतेनें झालेली वाफ दुसऱ्या अंगास लागे. जपानांतील होंडाच्या अभियंत्यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका मोटारीवर दट्ट्यांचें असें यंत्र चढविलें. ताशीं १०० किलोमीटर वेगानें चालतांना तिची कार्यक्षमता २८.९ टक्क्यांवरून ३२.७ टक्क्यांवर गेली.

मग बोरघाटांत हें यंत्र कां दिसत नाहीं? याचें उत्तर लोणावळ्याच्या तळ्यांपाशीं सांपडतें. वळवणच्या तळ्याचें पाणी ५०० मीटरांहून अधिक खालीं खोपोलीस उतरतें; त्या उतरण्यावरच टाटांचें वीजगृह १९१५ सालापासून उभें आहे. मावळांत पाणी कितीहि सांठलें आणि खालीं कोंकण नसतें, तर त्याची वीज कोठून होती? फ्रेंच अभियंता कार्नो यानें १८२४ सालीं उष्णतेला हाच दृष्टांत लावला: ती तापलेल्या जागेकडून थंड जागेकडे उतरेल तेव्हांच काम करील.

मालमोटारीला वळवण आहे, पण खोपोली नाहीं. काम झालेल्या वाफेचें पुन्हां पाणी करावें लागतें. वाफेस दिलेल्या उष्णतेपैकीं १०० त १०-१५ भागच सहसा दट्ट्याच्या कामीं येतात. बाकीची पूर्वीं धुराड्यांतून आपोआप जात होती, ती आतां पुढील जाळीवाटे वाऱ्यास द्यावयाची. होंडाच्या मोटारीस तो वारा वेगामुळें फुकट मिळाला. घाटांत रांगणाऱ्या गाडीस उष्णता सर्वांत विपुल, आणि वारा सर्वांत थोडा. पंखा लावावा, तर मिळविलेल्या शक्तींतला वाटा तोच खाणार; आणि नळ्या, पाणी व जाळी यांचें ओझें चढावर वाहावयाचें तें निराळेंच.

म्हणून कामशेत-वडगांवच्या बाजूस, जेथें गाडी एकसारख्या वेगानें धांवते, तेथें हें यंत्र अधिक मानवेल. खंडाळ्याच्या चढावर, विशेषतः वैशाखांत, झडप फिरवून बराचसा धूर पूर्वीसारखा सरळ बाहेर सोडून द्यावा लागेल.