सोडलेले गडी



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत, मिळेल ते वाचून झाले. चालकांनी मला निमंत्रण दिले तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. क्रिकेटवर बोलतो म्हटल्यावर ते क्षणभर गप्पच झाले. आपल्यापैकीही काहींच्या चेहऱ्यावर मला हसू दिसते आहे. माझी एवढीच विनंती, की शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. मी विषय बदललेला नाही, हे तेव्हा आपल्या ध्यानात येईल.

आपल्या भाषेत एक शब्द मोठा नामी आहे. तो म्हणजे गडी. शेतावर राबतो तोही गडी आणि खेळात उतरतो तोही गडी. दोघांचे पोट हातापायांवर. दोघांनाही एक दिवस कोणीतरी सांगते, की उद्यापासून येऊ नकोस. त्या दिवसानंतर त्या गड्याचे काय होते आणि काय होऊ शकते, एवढाच आजचा माझा विषय आहे.

आपल्या स्थानकावरून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसले, म्हणजे पुढे वऱ्हाड ओलांडून नागपूर लागते. तिथल्या विदर्भ संघाची ही गोष्ट. हा संघ १९५७-५८ सालापासून रणजी करंडकासाठी खेळत आला. त्यानंतर साठ वर्षे गेली, पण करंडक तर सोडाच, अंतिम सामन्याचे तोंडही त्याने पाहिले नव्हते. मुंबईने करंडक जिंकावा आणि विदर्भाने हजेरी लावून घरी यावे, असा जणू रिवाज पडला होता. दुबळ्या संघांच्या खालच्या गटातही त्याने बरीच वर्षे काढली.

या संघाने दोन कामे बरोबरीने केली. एक, नागपुरात मुलांना राहून शिकता येईल अशी प्रबोधिनी चालवली. आणि दुसरे, बाहेरून काही जाणती माणसे आणली. बाहेरचे गडी घ्यायचे तर तिनांपर्यंतच घेता येतात, असा नियम होता. म्हणजे भरती मोजून करायची होती. अशा वेळी कोणीही चढत्या ताऱ्याच्या मागे लागेल. विदर्भाने मात्र ज्यांचा सूर्य मावळला असे लोक म्हणत होते, त्यांना बोलावले.

२०१४ साली कर्नाटक सोडून गणेश सतीश आला. २०१५ साली मुंबईचा वसीम जाफर आला. जाफर हा बस चालवणाऱ्या बापाचा मुलगा. भारताकडून ३१ कसोटी सामने खेळला, त्यांत दोन द्विशतके केली, आणि मुंबईचा कर्णधार म्हणून दोनदा रणजी करंडक उचलला. परंतु २००८ नंतर भारताच्या संघात त्याला कोणी घेतले नव्हते, आणि आता तो सदतीस वर्षांचा झाला होता. त्याला मुंबईने हाकलले असे मी म्हणत नाही. तो स्वतः निघाला. पण ज्या घरात आपल्याला थांब म्हणणारे कोणी नसते, त्या घरातून माणूस स्वतःच निघतो, हे आपण सारे जाणतो.

मग २०१७ साली चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी २०१५-१६ साली मुंबईला करंडक मिळवून दिला होता. पुढच्या वर्षी मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि पंडितांचा करार पुढे चालला नाही. आदल्या वर्षी करंडक आणि पुढच्या वर्षी निरोप! आमच्या कामगारांच्या भाषेत याला हंगामी नोकरी म्हणतात.

आता पुढे काय झाले ते पाहा. २०१७-१८ च्या हंगामात विदर्भ उपांत्य सामन्यात कर्नाटकासमोर उभा राहिला. गणेश सतीश आपल्याच जुन्या संघाविरुद्ध खेळत होता. कर्नाटकाला जिंकायला १९८ धावा हव्या होत्या. तो १९२ वर गारद झाला. अवघ्या पाच धावांनी सामना हाती आला! त्या डावात सात बळी घेणारा रजनीश गुरबाणी हा बाहेरचा नव्हता. तो विदर्भाचाच, स्थापत्यशास्त्राची पदवी घेतलेला मुलगा. पुढे इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी टिपले. रणजीच्या अंतिम सामन्यात असे त्याआधी एकदाच, १९७२-७३ साली घडले होते. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने नऊ गडी राखून करंडक जिंकला, आणि विजयाचा शेवटचा चौकार जाफरच्या बॅटीतून गेला. पुढच्या वर्षी करंडक पुन्हा आला. त्या हंगामात चाळिशी गाठलेल्या जाफरने एक हजार सदतीस धावा काढल्या.

धावांचे आकडे आपण वर्तमानपत्रांत वाचले असतील. परंतु मला आपले लक्ष एका लहानशा गोष्टीकडे वेधायचे आहे. विदर्भाकडे आल्यानंतर दुसऱ्या हंगामात, म्हणजे २०१६-१७ साली, दुखापतीमुळे जाफरला खेळता आले नाही. तरीही संघटनेने त्याच्या कराराचे पैसे त्याला दिले. मग पुढच्या हंगामात तो म्हणाला, की आता मी पैसे न घेता खेळतो. ज्या हंगामात विदर्भ पहिल्यांदा जिंकला, तो हाच हंगाम!

बंधूंनो, मी तीस वर्षे मालकांच्या टेबलासमोर बसत आलो आहे. आजारी गड्याचा पगार चालू ठेवा म्हटले, की कोण फुकट पैसे देणार, हे उत्तर मी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ साली झाला. आजारपणात कामगाराच्या घरची चूल विझू नये, हे तत्त्व त्याने मान्य केले. पण हंगामी कारखाने त्यातून वगळले होते, आणि त्यांत आपले जिनिंग आणि प्रेसिंग आले. आमच्या रुईच्या कामगाराला तो आधार नव्हता. म्हणून जाफरची हकीकत वाचली, तेव्हा मी ती कात्रण करून ठेवली. तुम्ही माणसाला पडत्या काळात धरून ठेवले, तर तो चढत्या काळात तुम्हाला सोडत नाही, याचा याहून चांगला दाखला मला कुठल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडलेला नाही.

असेच एक उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथे बेसबॉल नावाचा खेळ आहे. ओकलंड नावाच्या शहराचा एक संघ होता. त्याचा २००२ सालचा पगारखर्च सुमारे चार कोटी डॉलर, तर न्यूयॉर्कच्या श्रीमंत संघाचा साडेबारा कोटींच्या घरात. संघाचा व्यवस्थापक बिली बीन याने विचार केला, की मोठे गडी आपल्याला परवडत नाहीत, तेव्हा इतरांनी कशामुळे टाकले आणि आपल्याला कशाची गरज आहे, या दोन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहाव्यात. स्कॉट हॅटबर्ग नावाचा एक गडी होता. आपल्याकडे यष्टिरक्षक असतो तशी त्याची जागा. कोपराची नस दुखावली आणि त्याला नीट चेंडू फेकता येईना, म्हणून तो निकामी ठरला. पण फळी हातात घेतल्यावर तो चटकन बाद होत नसे. बीनने त्याला चेंडू फेकण्याचे काम कमी पडेल अशा दुसऱ्या जागेवर उभे केले. त्या वर्षी ओकलंडने सलग २० सामने जिंकले. विसाव्या सामन्यात अकरा धावांची आघाडी हातची गेली आणि बरोबरी झाली, तेव्हा ज्याच्या फटक्याने सामना जिंकला तो हाच हॅटबर्ग. शेवटचे अजिंक्यपद त्यांना मिळाले नाही, हेही सांगितले पाहिजे. मी इथे चमत्कार विकायला उभा नाही.

यावरून एक गोष्ट निघते. ‘टाकाऊ’ हा माणसाचा गुण नव्हे. तो मोजणाऱ्याच्या मापाचा गुण आहे. कोपर गेले म्हणून हॅटबर्ग एका जागेसाठी टाकाऊ झाला. दुसऱ्या जागेसाठी तोच सोने ठरला. वय झाले म्हणून जाफर एका संघात जुना झाला. ज्या संघात जिंकलेला माणूसच कोणी नव्हता, तिथे त्याचे वय हीच त्याची किंमत झाली.

आता मी माझ्याकडे वळतो. दुसऱ्यांच्या चुका सांगणे आम्हा पुढाऱ्यांना फार आवडते. आज एक स्वतःची सांगतो.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. खानदेशातली एक कापडगिरणी बंद पडली. तिथला एक फिटर, वय पन्नाशीचे, आपल्या भागातल्या एका जिनिंगमध्ये कामाला लागला. तो यंत्राशेजारी उभा राहून नुसत्या आवाजावरून कुठे काय सैल झाले ते सांगे. मी तेव्हा तिशीच्या आतला, अंगात रग होती. आमच्या युनियनने फाटकावर सभा घेतली. आधी गावची पोरे, मग परके, ही घोषणा मीच दिली होती. मालकाला वाद नको होता. आठ दिवसांत त्या माणसाचा हिशेब झाला. पत्र्याची पेटी घेऊन तो फाटकातून बाहेर पडला, तेव्हा त्याने मला नमस्कार केला. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्याच्या जागी आमचा मुलगा लागला, आणि आम्ही पेढे वाटले.

त्याच हंगामात त्या मुलाची दोन बोटे यंत्रात गेली. तो फिटर असता तर ती गेली नसती, असे मी म्हणणार नाही. ते कोणालाच ठाऊक नाही. पण त्या मुलाला शिकवणारे तिथे कोणी उरले नव्हते, आणि ते न उरण्यात माझा हात होता. दोन गड्यांना एकमेकांसमोर उभे करून मी जिंकलो असे समजत होतो. खरे तर मला दोघांना शेजारी शेजारी उभे करायचे होते.

हे मला कोणत्याही शिबिरात कळले नाही. ते विदर्भाच्या तिसऱ्या करंडकाने शिकवले. या वेळचा बाहेरचा गडी करुण नायर. २०१६ साली चेन्नईत इंग्लंडविरुद्ध त्याने नाबाद ३०३ धावा केल्या होत्या. भारताकडून कसोटीत त्रिशतक काढणारा सेहवागनंतरचा तो दुसराच. तरी काही महिन्यांत तो संघाबाहेर गेला, आणि पुढे कर्नाटकातही त्याला जागा राहिली नाही. क्रिकेटने मला आणखी एक संधी द्यावी, असे त्याने २०२२ च्या डिसेंबरात जाहीरपणे लिहिले. विदर्भाने ती दिली. २०२५ च्या फेब्रुवारीत नागपुरात केरळविरुद्ध अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा विदर्भाचे तीन गडी २४ धावांत बाद झाले. त्या वेळी एका टोकाला हा टाकलेला माणूस होता, तर दुसऱ्या टोकाला नागपूरचा एकवीस वर्षांचा दानिश मालेवार. दोघांनी मिळून २१५ धावांची भागी केली. मालेवारने १५३ धावा काढल्या. करंडक विदर्भाकडे राहिला. करुण नायरला पुढे भारताच्या कसोटी संघातही पुन्हा जागा मिळाली.

परका गडी आला म्हणून गावच्या पोराची जागा गेली नाही. उलट तो समोर उभा होता म्हणून पोराला मोठे होता आले. गुरबाणी काय, मालेवार काय, खाणकामगाराच्या घरातून आलेला उमेश यादव काय, विदर्भाचे मोठे काम विदर्भाच्याच मुलांनी केले. बाहेरच्यांनी त्यांना धीर दिला आणि जिंकण्याची सवय लावली.

याचा अर्थ विदर्भाकडून कोणी जात नाही, असा मात्र नव्हे. २०१९ च्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेणारा आदित्य सरवटे २०२५ च्या अंतिम सामन्यात केरळकडून खेळत होता. आणि गुरबाणीच्या हॅटट्रिकचा तिसरा बळी, दिल्लीचा ध्रुव शोरी, पुढे विदर्भाचाच सलामीचा फलंदाज झाला. हे चक्र फिरतच राहते. आज जो टाकतो, त्याला उद्या कोणीतरी टाकतो. म्हणूनच, टाकलेल्या माणसाकडे पाहताना आपण आपल्याच उद्याच्या दिवसाकडे पाहत असतो.

आपला जिल्हा १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झाला. आपल्याकडे मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बाया आहेत. ऊसतोडीला गुजरातेत जाऊन कंबर मोडून परत आलेले गडी आहेत. चाळिशी ओलांडली, की मुकादम त्यांना उचल देताना हात आखडतो. त्यांच्यावर दया करा असे सांगायला मी आलेलो नाही. विदर्भाने जाफरवर दया केली नव्हती. आपल्याला नेमके काय हवे आहे हे त्याने ओळखले, योग्य जागा दिली, आजारपणात पैसे दिले आणि शेजारी एक तरुण उभा केला. आपले कारखानदार, आपले व्यापारी, आणि हो, आपल्या युनियनसुद्धा, एवढे चार हिशेब करू शकतात.

तो फिटर आज हयात असला तर पंच्याहत्तरीच्या पुढे असेल. मी त्याचा तपास केला. पत्ता लागला नाही. बोटे गेलेला मुलगा मात्र आता चाळिशीत आहे. तो आमच्या कचेरीत येतो, आणि नव्या पोरांना यंत्राजवळ हात कसा ठेवायचा ते उरलेल्या तीन बोटांनी दाखवतो. कोणत्याही जिनिंगमध्ये त्याला कायमची नोकरी मिळालेली नाही. येत्या हंगामात ती मागायला मी जाणार आहे. आपल्यापैकी ज्यांचा शब्द तिथे चालतो, त्यांनी माझ्याबरोबर यावे.